६५ किलोचा नवरा, ७० किलोची मी

बीएमआयला, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा येतो त्याला, नावं ठेवणारं लिखाण हल्ली कुठेही मिळतं, आणि त्यातलं बहुतेक सगळं एकच गोष्ट सांगत असतं, की बघा तो अमुक पहिलवान, अंगावर चरबीचा पत्ता नाही, नुसते मसल, तरी बीएमआयच्या हिशोबाने तो ओबीस, म्हणजे बीएमआय बोगस. खरंच आहे ते. पण मी राहते सिंहगड रोडला, आणि आमच्या सोसायटीत असा पहिलवान एकही नाही. आमच्याकडे आहेत ते बारीक हातापायांचे, अरुंद खांद्यांचे आणि शर्टाच्या खालच्या दोन बटणांपाशी गोल झालेले काका लोक, ज्यांना आयुष्यात कुणी जाडं म्हटलेलं नाही. बीएमआय त्यांना नॉर्मल म्हणतो. म्हणजे तिकडे अमेरिकेत लोक कुरकुरतात की आम्ही फिट असूनसुद्धा हा आकडा आम्हाला जाड ठरवतो, आणि आपल्याकडे खरी अडचण अशी की आतून चरबी भरलेली असूनसुद्धा हा आकडा आपल्याला सोडून देतो. आता या दुसऱ्या अडचणीबद्दल तक्रार कोण करणार? पास झालेला मुलगा कधी पेपर फेरतपासणीला टाकतो का!

नवऱ्याच्या कंपनीत दरवर्षी हेल्थ चेकअप असतं, यंदा घरच्यांनाही फुकट होतं म्हणून मी पण गेले. रिपोर्ट आले. मी ४७ वर्षांची, उंची १६० सेंटीमीटर, वजन ७०, बीएमआय २७.३, आणि त्याच्यापुढे लाल रंग. नवरा १७२ सेंटीमीटर, वजन ६५, बीएमआय २२, हिरवागार. तिथल्या डाएटिशियन मुलीने मला टार्गेट दिलं ५८ किलो, सोबत छापील डाएट चार्ट, त्यात सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि रात्री आठनंतर काही नाही वगैरे नेहमीचंच. नवऱ्याला म्हणाली, सर तुमचं छान आहे, असंच मेंटेन करा. मग आम्ही पान उलटलं तर पुढे रक्ताचे आकडे. माझं एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा आकडा, ५.४. त्याचं ६.१. म्हणजे ५.७ ते ६.४ ही जी प्रीडायबिटीसची पट्टी असते तिच्यात हा मधोमध बसलेला, वर ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, पण वाढलेले, आणि कौतुक त्याचं, डाएट चार्ट मला. घरी येईपर्यंत गाडीत तो एक शब्द बोलला नाही. हुशार आहे.

माझ्या डोक्यात मात्र ते ५८ घुसून बसलं. आलं कुठून हे? हिशोब सोपा आहे, १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६, त्याला २३ ने (आपल्याकडे बीएमआयची ओव्हरवेटची रेषा तिथे सुरू होते) गुणलं की ५८.९, त्याच्या आत राहायचं म्हणून ५८. बस. या हिशोबात माझं शरीर कुठेच नाही, फक्त माझी उंची आहे. १६० सेंटीमीटर उंचीच्या जेवढ्या बायका पुण्यात असतील त्या सगळ्यांना, मग त्यात रोज कबड्डीची प्रॅक्टिस करणारी माझी भाची आली, दिवसभर खुर्चीत बसणारी मी आले आणि जन्मात कधी जड काही न उचललेली माझी मैत्रीण पण आली, हाच आकडा. आमच्या बाबांच्या पिढीत तर याहून सोपं होतं, उंचीतून शंभर वजा करा, संपलं. तो नियम ब्रोका नावाच्या फ्रेंच सर्जनच्या नावावर आहे हे बाबांना माहीत नसावं, ते तो स्वतःचा असल्यासारखाच सांगायचे.

आणि हे उंचीच्या वर्गाचं जे प्रकरण आहे ते मूळचं केटले नावाच्या बेल्जियन माणसाचं, १८३० च्या दशकातलं. तो डॉक्टर नव्हताच. खगोलशास्त्रज्ञ, आणि स्टॅटिस्टिक्समधला मोठा माणूस, ताऱ्यांच्या मोजमापाला जे गणित लावायचे ते माणसांना लावून 'सरासरी माणूस' कसा असतो हे त्याला शोधायचं होतं, कोण जाड आणि कोण बारीक याच्याशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. पुढे १९७२ साली अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांवर पुरुषांची (पुरुषच हं फक्त) मापं घेऊन वजन-उंचीची वेगवेगळी सूत्रं ताडून बघितली, त्यात केटलेचं सूत्र त्यातल्या त्यात बरं निघालं आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव मिळालं. त्यातल्या त्यात बरं, एवढाच त्याचा दावा. तो सुद्धा हजारो लोकांची पाहणी करताना. एकट्यादुकट्या बाईला टेबलापलीकडून टार्गेट द्यायला ते सूत्र कुणी काढलेलं नव्हतं.

रेषा पण काही आकाशातून पडलेल्या नाहीत. अमेरिकेत १९९८ पर्यंत ओव्हरवेटची रेषा पुरुषांना २७.८ आणि बायकांना २७.३ होती, ती तिथल्या आरोग्य खात्याच्या संस्थेने २५ वर आणली आणि कोट्यवधी माणसं एक घासही जास्त न खाता एका रात्रीत ओव्हरवेट झाली. (२७.३! म्हणजे तेव्हा तिथे असते तर मी नेमकी काठावर.) आपल्यासाठी ती अजून खाली आहे. तेवढ्याच बीएमआयला आशियाई लोकांच्या अंगात चरबी जास्त असते आणि डायबिटीस लवकर गाठतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हा असं सांगितलं, आणि २००९ मध्ये आपल्याकडच्या डॉक्टरांनी २३ ला ओव्हरवेट आणि २५ ला ओबीस असं ठरवलं. चांगलंच केलं. पण आमचा २२ वाला या खाली आणलेल्या रेषेच्याही खालून निसटला की नाही? तो प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला लांब जावं लागलं नाही, रास्ता पेठेपर्यंत. म्हणजे प्रत्यक्ष गेले नाही, वाचलं, पण केईएम हॉस्पिटल रास्ता पेठेत आहे आणि तिथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे कोडं साऱ्या जगापुढे मांडलंय. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक पानभर मजकूर आला होता, त्यात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो, एक स्वतः याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. फोटोत बघितलं तर दोघंही सडपातळ. आणि शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! युडकिन मॅरेथॉन पळणारे होते हे खरं, पण सगळं काही पळण्यावर नसतं. कारण याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांमध्ये गरोदर बायकांचा जो अभ्यास केला त्यात हा प्रकार नुकत्याच जन्मलेल्या बाळांमध्येच दिसला. त्या आयांचा सरासरी बीएमआय १८.१, बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. म्हणजे आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान. दंड बारीक, पोटातले अवयव लहान, मसल कमी. पण पाठीवर खांद्याच्या हाडाखाली कातडी चिमट्यात धरून जी चरबी मोजतात ती मात्र सगळ्यात कमी घटलेली. वजन घटलं ते मुख्यतः बाकीच्यातून, चरबी शरीराने सांभाळून ठेवलेली. हे मी नवऱ्याला वाचून दाखवत होते तर सासूबाई आतून म्हणाल्या, हा झाला तेव्हा सव्वादोन किलोचा होता गं, शेर-दीड शेर दुधाची भांडी याच्यापेक्षा जड असायची.

तर मग मोजायचं काय? अंगात चरबी किती आणि मसल वगैरे बाकीचं किती, ते. जिममध्ये याला बीसीए म्हणतात, बॉडी कॉम्पोझिशन ॲनालिसिस, पण पूर्ण नाव कुणी घेत नाही, "मॅडम बीसीए करून घ्या, मग गोल सेट करू". अनवाणी त्या मशीनवर उभं राहायचं, तळव्याखाली थंडगार स्टीलच्या पट्ट्या, दोन्ही हातांत दांड्या, कोपर अंगापासून लांब, आणि मिनिटभर हलायचं नाही, की खालून पावतीसारखा कागद येतो. अंगातून अगदी बारीक करंट जातो, कळतही नाही (पेसमेकर असेल तर मात्र याच्या वाटेला जायचं नाही, आणि गरोदरपणातही नको). मसलमध्ये पाणी भरपूर असतं म्हणून त्यातून करंट सहज जातो, चरबी त्याला अडवते, त्या अडथळ्यावरून अंगात पाणी किती ते काढतात, पाण्यावरून बिनचरबीचं वजन, आणि वजाबाकी करून राहिली ती चरबी. म्हणजे मशीन चरबी मोजत नाहीच मुळी, अंदाज करतं, आणि तो अंदाज करताना तुमचं वय, उंची, बाई की पुरुष हे आधीच हिशोबात धरलेलं असतं. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी, बाथरूमला जाऊन आल्यावर, व्यायामाच्या आधी उभं राहाल तर एक आकडा, आणि पर्वती चढून घामाघूम होऊन आल्यावर उभं राहाल तर दुसराच. पाळीच्या आधी अंगात पाणी धरलेलं असतं तेव्हा तिसरा. घरी जे फक्त पायांचं मशीन मिळतं त्यातला करंट एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून खाली येतो, पोट आणि हात राहिले बाजूलाच, ते गृहीत धरलेले. आमच्या घरचं मशीन मला ३१ टक्के म्हणतं, जिममधलं ३५. आणि त्या कागदावर मेटाबॉलिक एज म्हणून जे छापतात ना, ते बघून आमच्या बॅचमधली एक जण दोन दिवस जिमला आली नव्हती. त्याच्याकडे बघूच नका. सगळी सूत्रांची करामत आहे ती.

मला पाळी जायच्या वयाचं म्हणून हाडांसाठी डेक्सा करायला सांगितलं होतं. दोन वेगवेगळ्या ताकदीचे एक्स-रे, अगदी थोडं रेडिएशन, त्यावरून हाड, चरबी आणि बाकीचं असं वेगळं काढता येतं. म्हटलं करतोच आहोत तर होल बॉडी करून घेऊ. तिथल्या टेक्निशियनला दोनदा सांगावं लागलं की बाबा नुसता मणका आणि खुबा नको, मला पूर्ण शरीराचं फॅट-मसल हवंय, तो म्हणाला मॅडम ते कुणी मागत नाही, मग आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि झालं. ३७ टक्के. तर असा सगळा मामला. कुठलंही मशीन देवाचा शब्द नाही, पण एकच मशीन, एकच वेळ, सारखीच परिस्थिती धरली तर आकडा कुठे चाललाय हे कळतं आणि तेवढं पुरतं.

हे मोजायची कल्पना सुद्धा किती जुनी आहे! अमेरिकन नौदलात बेन्के म्हणून डॉक्टर होता, त्याने माणसांना पाण्याखाली बसवून वजन करायची पद्धत वापरली, आर्किमिडीजचं तत्त्व, चरबी हलकी असते म्हणून जास्त चरबीचा माणूस पाण्यात कमी भरतो. १९४२ मध्ये त्याने अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंना असं पाण्यात तोललं, त्यातले बरेच जण लष्कराच्या वजनाच्या तक्त्यानुसार भरतीसाठी नापास होते, आणि निघालं काय तर त्यांच्या अंगात चरबी कमीच, वजन सगळं मसलचं. म्हणजे पहिलवानाची गोष्ट १९४२ मध्येच सांगून झालीये, आणि अजून तीच चालू आहे.

आता हिशोब, कारण मी हिशोबाची माणूस (बँकेत आयुष्य गेलं). ७० किलोत ३७ टक्के चरबी म्हणजे साधारण २५.९ किलो, राहिलं ४४.१ किलो. यात मसल, हाडं, पाणी, काळीज, लिव्हर सगळं आलं. हे ४४.१ मला गमवायचं नाहीये. उलट या वयात ते आपणहून घटत असतं, ते टिकवण्यासाठीच जिम. मग मला चरबी ३० टक्क्यांवर आणायची असेल तर उरलेलं ७० टक्के म्हणजे ४४.१ पाहिजे, म्हणून ४४.१ भागिले ०.७, उत्तर ६३. बरोबर ६३ किलो. हा माझा गोल. आणि ते ५८? तेवढं वजन करून ४४.१ राखायचं म्हटलं तर चरबी २४ टक्क्यांवर यायला पाहिजे, म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी मी खेळाडू पोरींच्या रांगेत. व्यवहारात ते होत नाही. व्यवहारात होतं काय, की बाई उपाशी राहून वजन उतरवते, आणि नुसतं खाणं तोडून जे वजन जातं त्यातला ढोबळमानाने पाव हिस्सा चरबीचा नसतो, मसल-पाणी वगैरे बाकीच्याचा असतो. मग लग्नकार्य येतं, दिवाळी येते, वजन परत येतं, आणि येताना मुख्यतः चरबीच घेऊन येतं. काटा म्हणतो होतीस तिथेच आहेस. होते तिथे नसते ना पण मी, आत सगळी अदलाबदल झालेली असते. आता ती आठवड्याला एक घ्यायची वजनाची इंजेक्शनं आपल्याकडे पण आलीत, भूकच लागत नाही म्हणतात, त्यात तर हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा, डॉक्टरांशी बोलताना नुसतं किती किलो जाणार हे विचारू नका, मसल राखण्यासाठी काय करू हे पण विचारा.

ट्रेनर सातारचा पोरगा आहे, त्याला हा ६३ चा हिशोब एकदम पटला, म्हणाला मॅडम भारीये, सगळ्यांनाच असं करू. मी म्हटलं थांब, माझ्या नवऱ्याचं करून बघ. ६५ किलो, बीसीएमध्ये चरबी २८ टक्के, म्हणजे १८.२ किलो चरबी आणि ४६.८ बाकीचं. पुरुषाला २० टक्क्यांवर आणायचं म्हणून ४६.८ भागिले ०.८. उत्तर ५८.५! पावणेसहा फुटांच्या जवळपास जाणारा माणूस साडेअठ्ठावन्न किलोचा. ट्रेनर हसायला लागला. पण सूत्राचा दोष नाही, सूत्र असं धरून चालतं की बिनचरबीचं वजन आहे तेवढं पुरेसं आहे आणि ते तसंच राहणार. माझ्या बाबतीत ते चालून गेलं. याच्या बाबतीत तेच तर कमी आहे. जेवल्यानंतर रक्तात येणारी साखर उचलून ठेवायचं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे मसल, आणि याचं गोदामच लहान, मग ती साखर जाणार कुठे. वर जी चरबी आहे ती मांड्यांवर, दंडावर नाही, सगळी पोटात, लिव्हरच्या आजूबाजूला, म्हणजे सगळ्यात त्रासदायक जागी. तेव्हा याला बारीक करणं हा उपायच नाही. याचा गोल ठरला ६५ किलो. आहे तेवढाच! चार किलो चरबी उतरवायची आणि चार किलो मसल चढवायचे, मग ६५ मध्ये चरबी १४.२ किलो, म्हणजे २२ टक्क्यांच्या आत. काट्यावर शून्य फरक. आता सांगा, बीएमआयने हे कुणाला कसं समजणार, आधी पण २२ आणि नंतर पण २२.

असा गोल घेणं मनाला फार अवघड जातं हे मात्र मी बघितलंय. वजन कमी करायचंय म्हटलं की सगळं घर, सगळं ऑफिस मदतीला येतं. वजन तेवढंच ठेवून आतलं बदलायचंय म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात. नणंद म्हणाली, अगं तो आधीच सुकलाय, त्याला कशाला जिम, त्याला तूप घाल. तो स्वतः पण रोज सकाळी तळजाईला एक चक्कर मारतो, चालणं आणि येताना टपरीवर मित्रांबरोबर चहा, आणि त्याच्या मते व्यायाम झाला. चालणं चांगलंच आहे, साखरेला, हृदयाला, सगळ्याला, पण नुसतं चालून खांदे आणि मांड्या भरत नाहीत, त्यासाठी काहीतरी जड उचलावंच लागतं, आणि दर थोड्या दिवसांनी आणखी जड. आणि खाणं. आमचं घर शाकाहारी, अंडं चालतं पण स्वतंत्र पॅनमध्ये. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे त्याला किमान ५४ ग्रॅम, आणि हे काही मसल वाढवायचं प्रमाण नव्हे, साधं जगण्याचं. आमचा दिवस मी एकदा लिहून काढला. सकाळी पोहे, दुपारी डब्यात पोळी आणि बटाट्याची नाहीतर भेंडीची भाजी, संध्याकाळी चहाबरोबर खारी, रात्री वरणभात आणि कोशिंबीर. वाटीभर वरणात ३० ग्रॅम डाळ असली तर ७ ग्रॅम प्रोटीन, आणि आपलं वरण किती पातळ असतं ते आपल्याला माहीत आहे. पोळ्यांमधून थोडं मिळतं, तरी आकडा चाळिशीतच अडकत होता. आता सकाळी पोह्यांच्या जोडीला दोन अंडी, डब्यात मटकीची नाहीतर मुगाची घट्ट उसळ, संध्याकाळी खारीऐवजी भाजलेले चणे, रात्री दही. पनीर आठवड्यातून दोनदा. काही क्रांती वगैरे नाही. फक्त वरण घट्ट झालंय आणि त्याबद्दल सासूबाईंची नाराजी आहे.

मशीन नसेल, जिम नसेल, तर टेप. हे मी सगळ्यात शेवटी शिकले पण खरं तर सगळ्यात आधी हेच करायला हवं, शिवणाच्या डब्यातली टेप सगळ्यांच्या घरी असते. नवऱ्याला मी म्हटलं कंबर मोजू, तर म्हणे मोजायची कशाला, चौतीसची पँट येते मला. कॉलेजपासून चौतीस. (कॉलेजमध्ये तीस होती, फोटो आहेत.) गंमत अशी की चौतीसची पँट येते कारण ती पोटाच्या खाली बांधलेली असते, पट्टा पुढून खाली उतरलेला आणि मागून वर. कंबर म्हणजे पट्ट्याची जागा नाही. बरगडीचं सगळ्यात खालचं हाड चाचपायचं, खुब्याचं वरचं टोक चाचपायचं, आणि या दोघांच्या मधोमध टेप आडवी, जमिनीला समांतर, ना घट्ट ना ढिली, श्वास सहज सोडून. तो पहिल्यांदा पोट आत घेऊन उभा राहिला, अर्थात. मी टेप धरून नुसती थांबले, कधीतरी श्वास सोडावा लागतोच. ९३ सेंटीमीटर. आपल्याकडे पुरुषांना ९० च्या आत आणि बायकांना ८० च्या आत असं सांगतात, आणि त्याहून सोपं म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी, ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये २०२२ पासून हे आलंय. त्याच्या हिशोबाने ८६ हवी. मग त्याने टेप माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला, आता तू. ८४. निम्मे म्हणजे ८०. म्हणजे सुटलेली मी पण नाही, पण त्याच्याइतकी अडकलेली नाही, जरी वजनाने मी पाच किलो पुढे असले आणि उंचीने अर्धी वीत मागे असले तरी.

बीएमआय अगदी टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही, जिममध्ये तसं म्हणायची फॅशन आहे. काटा आणि भिंतीवरची पट्टी, बस, गावातल्या आरोग्य केंद्रात एवढंच असतं आणि तेवढ्यावर लाखो लोकांची चाळणी लागते. कुणाचा ३८-४० असेल तर तो पहिलवान आहे का हे बघायला मशीन लागत नाही. अडचण आहे ती मधल्या पट्ट्यात, २१ ते २८ म्हणू, आणि आपण बहुतेक सगळे तिथेच आहोत. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्याच एका तज्ज्ञ समितीने सांगितलंय की एकट्या बीएमआयवर ओबेसिटी ठरवू नका, सोबत कंबर, कंबर-नितंब किंवा कंबर-उंची यातलं निदान एक माप घ्या, नाहीतर सरळ चरबी मोजा, आणि शिवाय त्या चरबीने शरीरात काही बिघडवलंय का तेही बघा. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन त्या फॅट परसेंटेजच्या मागे लागणाऱ्या मुली पण मी बघते, अठरा पाहिजे, सोळा पाहिजे, पाळी चुकायला लागली तरी कागदावरचा आकडा बघून खूष. एक आकडा सोडून दुसऱ्याचं गुलाम व्हायचं असेल तर मग काटा काय वाईट होता.

सहा-सात महिन्यांनी आमचं काय झालं, तर माझं वजन ६६ वर आलंय आणि हळूहळू उतरतंय, त्याचं ६५.४. हो, वाढलंय. कंबर ८९, एचबीए१सी ५.८. ऑफिसातले विचारतात वजन कमी केलंस का रे, आणि त्याला काय उत्तर द्यावं कळत नाही. खांदे जरा दिसायला लागलेत, टी-शर्ट घालून आरशासमोर रेंगाळतो.

खरा पेच आता आईचा आहे. ती ७६ वर्षांची, एकटी राहते सदाशिव पेठेत, उंची १५०, वजन ५१, बीएमआय २२.७, आणि सगळे डॉक्टर नातेवाईक म्हणतात काय मस्त ठेवलंय हो वजन. मी टेप घेऊन गेले. या वयात कंबरेपेक्षा पोटरी मोजायची असते, सगळ्यात जाड जागी. आशियातल्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे बायकांची पोटरी ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी असली तर मसल कमी असल्याची शंका घ्यायची. आईची ३०. मग खुर्चीतून हात छातीशी घडी घालून पाच वेळा उठायचं-बसायचं, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी समजायची. आईला १७ लागले, आणि चौथ्या वेळेला हात टेबलाकडे गेलाच. तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एक किलोही कमी करायचं नाही, प्रोटीन वाढवा आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली पायांचा व्यायाम सुरू करा. आता फिजिओथेरपिस्ट मुलगी आठवड्यातून दोनदा येते, पायाला अर्धा किलोची वाळूची पट्टी बांधते आणि आई तिला विचारते की मला काय आता आखाड्यात उतरवणार आहेस का. व्यायामाचं तरी जमतंय. अडलंय ते उपासांवर, कारण चतुर्थी, एकादशी आणि गुरुवार, तिन्हीला साबुदाण्याची खिचडी, आणि साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य. एकादशीला साबुदाणा अर्धा, शेंगदाण्याचं कूट दुप्पट आणि वर वाटीभर दही, इतक्यावर तह झालाय. चतुर्थीला चंद्रोदयानंतर घट्ट वरण. गुरुवारची बोलणी चालू आहेत.